अंगठेबहाद्दर

'अंगठेबहाद्दर' हा शब्द मी आयुष्यात किती वेळा वापरला असेल याची मोजदाद नाही. पस्तीस वर्षे मास्तरकी केली, ती सारी वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांत. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले आणि पुढच्या दोन-चार वर्षांत आमच्याकडेही रात्रीचे वर्ग भरू लागले. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाया कंदिलाच्या उजेडात पाटीवर रेघोट्या ओढीत बसत. मी त्यांना सांगत असे, "अंगठा उठवणे आता सोडा. अंगठा हा मुका असतो. सही बोलते. आणि सही करायची ती स्वतः करा. दुसऱ्याच्या सहीच्या भरवशावर राहिलात तर शेत जाईल आणि घरही जाईल."

हे वाक्य मला फार आवडत असे. प्रत्येक वर्गात मी ते दोन-तीनदा तरी म्हणे. शिक्षकाचे एक बरे असते. त्याने केलेला उपदेश त्याच्यावरच उलटण्याचे प्रसंग फारसे येत नाहीत. निवृत्त होईपर्यंत तर माझ्यावर एकही आला नव्हता. तो आला निवृत्तीनंतर दहा-बारा वर्षांनी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी, तीळगुळाची वाटी हातात असताना!

त्याचे असे झाले. आमच्या समुद्रपूर तालुक्यात वायगाव नावाचे गाव आहे. त्याला लोक 'वायगाव हळद्या' म्हणतात, यावरूनच तिथे काय पिकते ते वाचकांनी ओळखले असेल. ह्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे वायगावची हळद म्हणून दुसरीकडची हळद विकावयाची नाही, असा कायद्याचा शिक्का तिच्यावर बसला. रंगाने गडद, वासाला तिखट, आणि जिच्यामुळे हळद ही हळद होते त्या कुर्क्युमिनचे प्रमाणही तिच्यात चांगले. त्या भागातल्या बायांचा एक बचत गट आहे. त्या हळद शिजवितात, वाळवितात, दळून पाकिटे भरतात. हळद उत्तम, पण विकावयाची कुणाला? व्यापारी येई आणि भाव सांगून जाई. तो भाव ऐकला की बायांचे चेहरे हळदीहून पिवळे होत.

तेव्हा सर्वांनी मिळून ठरविले की आपण आपला माल आपणच लोकांपर्यंत पोचवायचा, मोबाईलवरून. आणि ह्या कामाचा प्रमुख कोण? गुरुजी! कारण गुरुजींचे अक्षर वळणदार, गुरुजी बोलतात छान, गुरुजींना वेळ रिकामा. प्रसिद्धीच्या कामासाठी ह्याहून अधिक गुण लागत असतील, अशी शंका कुणालाच आली नाही. खरे सांगायचे तर मलाही आली नाही.

माझ्याजवळ मोबाईल होता. मुलाने घेऊन दिलेला. तो वाजला की उचलावयाचा आणि बोलणे संपले की खिशात ठेवावयाचा, इतका त्याचा-माझा परिचय. एकाच घरात राहून वर्षानुवर्षे फक्त 'काय, कसं काय?' एवढेच बोलणारे शेजारी असतात ना, तसा. इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब ही नावे मी ऐकून होतो. परंतु ती मुलाबाळांची खेळणी आहेत, आपल्या वयाच्या माणसाने त्यांत डोके घालू नये, अशी माझी समजूत होती. आणि तिला मी मनातल्या मनात 'साधी राहणी' असे मोठे नाव दिले होते. अज्ञानाला वैराग्याचे वस्त्र फार लवकर शोभते!

म्हणून मी काय केले, तर नागपूरच्या एका मुलाला गाठले. दरमहा तीन हजार रुपयांवर तो आमची 'पेजे' चालवणार होता. तो 'रीच'बद्दल बोलला, 'एंगेजमेंट'बद्दल बोलला. मी नंदीबैलासारखी मान हलविली. त्याने माझ्या मोबाईलमध्येही काहीतरी बसवून दिले आणि म्हणाला, "सर, इथे तुम्हाला सगळं दिसेल." मी "वा, वा!" म्हटले आणि मोबाईल खिशात ठेवला. पुढे पाच महिने तो खिशातच राहिला.

दर महिन्याच्या बैठकीत मी बायांना अहवाल देई. "आपली हळद आता इन्स्टाग्रामवर आहे," हे वाक्य मी साऱ्या भारताच्या वतीने बोलल्यासारखे बोलत असे. बाया टाळ्या वाजवीत. गोदामात मात्र दोन क्विंटल हळद तशीच पडून होती.

आणि मग ती संक्रांत आली. गटाच्या बायांनी हळदीकुंकू ठेवले होते. मी पुरुषमाणूस, परंतु गुरुजी म्हणून मला ओसरीवर खुर्ची मिळाली होती. हिंगणघाटहून नात आली होती, ती शेजारी बसली होती. तेवढ्यात गटाच्या अध्यक्षाबाई आल्या. ह्या बाई माझ्याच रात्रीच्या वर्गात सही करावयास शिकलेल्या. त्यांनी माझ्या हातावर तीळगुळ ठेवला आणि सहज म्हणाल्या, "गुरुजी, आज साऱ्या जणी हायेत. आपलं ते मोबाईलमंदलं दुकान दाखवा ना जी आमाले."

मी मोबाईल काढला. काचेवर बोट ठेवले. काहीच होईना. जोरात दाबले, तर चित्रे थरथरू लागली. पुन्हा दाबले, तर कुठलेसे गाणे सुरू झाले. वीसेक बाया माझ्या खुर्चीभोवती गोळा झाल्या होत्या. माझ्या कपाळावर जानेवारीत घाम आला. शेवटी नातीने मोबाईल हळूच काढून घेतला आणि म्हणाली, "आबा, दाबायचं नसतं. नुसतं टेकवायचं."

तिने दुकान उघडले. पहिलेच चित्र एका पांढऱ्याशुभ्र विलायती वाडग्यातल्या हळदीचे. बायांनी मान पुढे करून पाहिले आणि एक म्हातारी चटकन म्हणाली, "हे आपली हयद नोहे, गुरुजी."

खरेच नव्हती. तो रंग आमचा नव्हता. त्या मुलाने कुठूनसे तयार चित्र आणून चिकटविले होते. खाली प्रत्येक सणाच्या शुभेच्छा होत्या. दसऱ्याची सोन्याची पाने होती, दिवाळीच्या पणत्या होत्या. वायगाव कुठे नव्हते, शिजणारी हळद नव्हती, ह्या बायांचा एक हातसुद्धा नव्हता. ज्या हळदीला तिच्या गावाच्या नावाचा कायदेशीर शिक्का मिळाला होता, तिच्या दुकानाच्या दर्शनी मी दुसऱ्याच कुणाची तरी हळद मांडून ठेवली होती!

इतके झाले तेही पुरे होते. परंतु नातीचे बोट थांबले नाही. "आबा, इथे तुमच्यासाठी निरोप पडलेत," ती म्हणाली. ओळख नसलेल्या माणसाने पाठविलेला निरोप इन्स्टाग्रामवर सरळ समोर येत नाही. तो बाजूच्या एका कप्प्यात जाऊन थांबतो, पाहुण्याने अंगणात उभे राहावे तसा. आपण जाऊन दार उघडावे लागते. जो रोज तिथे वावरतो त्याला हा कप्पा ठाऊक असतो. मला दारच ठाऊक नव्हते, तर अंगण कुठून ठाऊक असणार?

त्या कप्प्यात पुण्याच्या एका बाईंचे तीन निरोप होते. पहिला तुळशीच्या लग्नानंतरचा. त्यांचे माहेर आमच्याच बाजूचे, हिंगणघाटजवळचे. मुलीचे लग्न ठरले होते. मुलीला माहेरच्या मातीतली हळद लागावी अशी त्यांच्या आईची फार इच्छा होती. आई आता नाही. तेव्हा लग्नघरासाठी आणि आलेल्या सवाष्णींना देण्यासाठी मिळून दीडशे पाकिटे मिळतील का? दुसरा निरोप आठवड्यानंतरचा. 'लग्न जवळ आले आहे, कृपया कळवा.' आणि तिसरा एवढाच: 'असू द्या. इथल्याच दुकानातून घेतली.'

नातीने तिन्ही निरोप मोठ्याने वाचले. ती लहान, तिला थांबावयाचे कुठे ते कळले नाही. ओसरीवर कुणी बोलेना. दीडशे पाकिटांचे पैसे किती, हा हिशोब बायांनी मनातल्या मनात केव्हाच केला असेल. पण त्या गप्प झाल्या त्या पैशासाठी नव्हे, हे मला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होते. एका मेलेल्या आईची इच्छा आमच्या दारात येऊन तीनदा हाक मारून गेली होती आणि आम्ही घरात असून 'ओ' दिली नव्हती.

अध्यक्षाबाई मग हळू आवाजात म्हणाल्या, "गुरुजी, राग नका मानू. तुमीच त म्हणलं होतं, आपली सही आपणच करावं, दुसऱ्याच्या भरोशावर राहू नाई. मंग तुमी कायले दुसऱ्याले सही करू देली?"

मी काय उत्तर देणार! तीस वर्षांपूर्वी मीच पेरलेले वाक्य होते ते. पीक चांगले आले होते.

त्या रात्री मला झोप आली नाही. प्रथम मी त्या नागपूरच्या मुलावर रागावून घेतले. ते सोपे असते. पण पहाटे-पहाटे मनाने कबूल केले की त्याचा दोष फार थोडा. त्याला मोबाईल ठाऊक होता, हळद ठाऊक नव्हती. मला हळद ठाऊक होती, मोबाईल ठाऊक नव्हता. दोघांच्या मधल्या खड्ड्यात त्या बाईंचे निरोप पडले. आणि तो खड्डा बुजविण्याचे काम त्याचे नव्हते, माझे होते. कारण बायांनी विश्वास माझ्यावर टाकला होता.

मग मला वडील आठवले. माझे वडील खादीच्या दुकानात विक्रीला होते. सेवाग्राम जवळ असलेल्या जिल्ह्यात खादीचे दुकान म्हणजे काही नवलाची गोष्ट नव्हे. पण त्यांची एक रीत होती. गल्ल्याजवळ त्यांची पेटी असे आणि त्या पेटीत टकळी आणि चार पेळू. गिऱ्हाईक नसले की ते सूत काढीत बसत. कुणी विचारले, "हे धोतर टिकेल का हो?" तर ते टोकाचा एक धागा काढून बोटांत पिळून पाहत, पीळ उलगडून दाखवीत, आणि मगच बोलत. एकदा मी विचारले, "तुम्ही कापड विकता, मग सूत कशाला कातता?" ते म्हणाले, "तार तुटली तर ती जोडता येते की नाही, हे ज्याला ठाऊक नाही त्याने खादी विकू नये. गिऱ्हाईक कापड विचारत नाही रे, ते आपल्याला विचारतं, 'तुला तरी ठाऊक आहे का?'"

ही रीत काही त्यांची एकट्याची नव्हती. आमच्या हिंगणघाटच्या कापसाचे नाव एकोणिसाव्या शतकात पार इंग्लंडच्या बाजारापर्यंत गेले होते. त्या बाजारातला जुना व्यापारी कापसाच्या गाडीजवळ आला की हात घालून बोंडभर रुई उपसे, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धरून ती ओढी, आणि धाग्याची लांबी पाहून भाव बोले. त्याला कापूस पिकविता येत नसेल, पिंजताही येत नसेल. पण त्याच्या अंगठ्याला कापूस ठाऊक असे. आमच्या बायांचेही तेच. हळद शिजली की नाही हे त्या घड्याळ पाहून सांगत नाहीत. एक काडी घेतात आणि हळकुंडात टोचतात. काडी लोण्यात जावी तशी गेली की कढई उतरवितात. ती काडी किती जोराने टोचावी, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेले नाही. ते हातात असते.

वर्ध्याला मगन संग्रहालय आहे. १९३८ च्या डिसेंबरात खुद्द गांधीजींच्या हस्ते ते उघडले गेले. शाळेच्या सहलीतून मी मुलांना तिथे कितीदा तरी नेले आहे आणि चरख्यांची नावे घडाघडा सांगितली आहेत. हे ज्या मगनलाल गांधींच्या नावाने आहे त्यांची एक हकीगत 'सत्याचे प्रयोग' या आत्मकथेत आहे. १९०४ साली दक्षिण आफ्रिकेत फिनिक्स येथे गांधीजींनी 'इंडियन ओपिनियन' ह्या पत्राचा छापखाना हलविला. लेख लिहिणारे गांधीजी. परंतु तिथे राहणाऱ्या प्रत्येकाने खिळे जुळविणे शिकले पाहिजे असे ठरले. ते स्वतःही शिकले, आणि त्यात आपण शेवटपर्यंत मागेच राहिलो असे त्यांनी मोकळेपणाने कबूल केले आहे. मगनलालांनी मात्र पूर्वी कधी छापखान्यात काम केले नसताना साऱ्यांना मागे टाकले. पहिल्याच अंकाच्या रात्री इंजिन बंद पडले. तेव्हा तिथे झोपलेल्या सुतारांना उठवून, सर्वांनी आळीपाळीने हाताने चाक फिरवून छपाई चालू ठेवली.

ही गोष्ट मी मुलांना श्रमप्रतिष्ठेची म्हणून सांगत असे. त्या रात्री ती मला निराळी दिसली. ज्याला आपले म्हणणे लोकांपर्यंत पोचवावयाचे आहे, त्याला ते पोचविणाऱ्या यंत्राचे परके राहून चालत नाही. यंत्र बंद पडले तर हात कुठे लावावा, इतके तरी ठाऊक हवे. त्यात पहिला नंबर आला नाही तरी चालेल. गांधीजींचाही आला नव्हता! सेवाग्रामच्या आश्रमात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या काळातला टेलिफोन जपून ठेवलेला आहे. झोपडी मातीची, पण बोलण्याची तार दिल्लीपर्यंत. आणि मी मात्र साध्या राहणीच्या नावाखाली खिशातला टेलिफोन झाकून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी नातीसमोर पाटी घेऊन बसावे तसा बसलो. "शिकव," म्हटले. तिने अट घातली, "आबा, गटासाठी नाही शिकायचं. आधी स्वतःसाठी शिकायचं." त्या पोरीच्या ह्या बोलण्यात किती शहाणपण होते ते मला पुढे कळले. मी आधी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना शोधले. एक अमरावतीला बागकाम करतो, त्याच्या गुलाबांची चित्रे पाहू लागलो. एकीचा मुलगा पहिल्यांदा चालला, ते पाहिले आणि डोळ्यांत पाणी आले. भजने ऐकली, कुस्त्या पाहिल्या. एक-दोन रात्री बारा वाजेपर्यंत पाहत बसलो आणि सूनबाईंची बोलणीही खाल्ली. तेव्हा हेही समजले की ह्या पाण्यात पोहता येते तसेच वाहूनही जाता येते. काठावर बसून उपदेश करणाऱ्याला ह्यांपैकी काहीच समजत नाही.

आणि हळूहळू, न शिकविता, कितीतरी गोष्टी कळू लागल्या. समुद्रपूर-हिंगणघाट एसटीत बसल्यावर माझे लक्ष लोकांच्या हातांकडे जाऊ लागले. सारे मोबाईल उभा धरतात. मग आमची चित्रे आडवी का? अंगठा सारखा वर सरकतो; एखाद्या चित्रावर तो क्षणभर थबकतो, एरवी नाही. तो कशावर थबकतो? पांढऱ्या वाडग्यावर नाही, पणत्यांवर नाही. तो माणसाच्या चेहऱ्यावर आणि चालत्या हातावर थबकतो. माझाच अंगठा कुठे थबकला होता ते आठवून पाहिले, तेव्हा हे ध्यानात आले.

व्हॉट्सअॅपचेही तसेच. गुढीपाडव्याला मी मोठ्या हौसेने दोनशे लोकांना एकाच वेळी निरोप धाडला. त्याला प्रक्षेपण-यादी म्हणा. उत्तरे आली दहा-बारा. मी खट्टू झालो. नातीने सांगितले, "आबा, अशा यादीतला निरोप ज्यांनी तुमचा नंबर साठवून ठेवलाय त्यांनाच जातो." म्हणजे आधी मी त्यांच्या मोबाईलमध्ये एक नाव होऊन बसलो पाहिजे, मग माझी हळद त्यांच्या घरात जाणार. आमच्या गावात याहून वेगळे काय असते? अनोळखी फेरीवाल्याला कुणी ओट्यावर बसू देत नाही. ओळख झाली की तोच घरातला पाणी पिऊन जातो. आणि ती निळी टिचकी! निरोप वाचला की समोरच्याला ती दिसते. वाचून उत्तर न देणे म्हणजे हाक ऐकून तोंड फिरविणे. हे मला कुणी नियम म्हणून सांगितले असते तर मी विसरलो असतो. माझ्याच एका जुन्या मित्राने माझा निरोप वाचून दोन दिवस उत्तर दिले नाही आणि मी मनात कुढत बसलो, तेव्हा ते कायमचे समजले.

वाचकहो, गैरसमज नसावा. माल विकणाऱ्याने यंत्रशास्त्रज्ञ व्हावे असे मी म्हणत नाही. चरखा सुधारण्यासाठी १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. माझ्या वडिलांनी त्यासाठी कधी अर्ज केला नसता. त्यांना चरखा घडविता येत नव्हता. त्यांना तुटलेली तार जोडता येत होती, एवढेच. आणि कामाला मदतनीस ठेवू नये, असेही माझे म्हणणे नाही. तो नागपूरचा मुलगा आजही आमच्याबरोबर आहे. फरक एवढाच की उन्हाळ्यात मी त्याला वायगावला आणला, कढईजवळ उभा केला आणि त्याच्या हातात ती काडी दिली. त्याने हळकुंडात काडी टोचली, वाफेने चष्मा धुरकटला, आणि तो म्हणाला, "सर, हेच दाखवायला पाहिजे होतं!" मी म्हटले, "बाळा, तुझ्या मोबाईलबद्दल मलाही तसंच म्हणायचं आहे." आता तो 'रीच' म्हणाला की मी मान हलवीत नाही, "कुणापर्यंत आणि कशानं?" असे विचारतो. ज्याला स्वतःला सही येते तोच दुसऱ्याने भरलेला कागद वाचून मग खाली सही करतो.

आणि त्या पुण्याच्या बाई? त्यांना मी स्वतः लिहिले. एका बोटाने टिपत-टिपत चार ओळी लिहावयास पाऊण तास लागला. चूक कुणाची ते लिहिले, कारण दिले नाही. हळद फुकट पाठवतो असेही लिहिले नाही. गेलेल्या वेळेची भरपाई पाकिटाने होत नसते. दोन दिवस उत्तर आले नाही. मी दर अर्ध्या तासाने तो कप्पा उघडून पाही. तिसऱ्या दिवशी उत्तर आले: 'लग्न छान झाले. हळद कुठलीही असली तरी रंग चढतोच. पण आईचे राहून गेले. मुलगी पहिल्या दिवाळीला माहेरी येणार आहे, तेव्हा एक किलो पाठवाल का? पैसे पाठवते.'

हळद गेली. ती बांधताना अध्यक्षाबाईंनी वर एका चिठ्ठीवर गटाचे नाव लिहून खाली स्वतःची सही केली. रात्रीच्या वर्गातली, जराशी उजवीकडे कललेली सही. मी चिठ्ठीचे चित्र काढले. आमच्या दुकानात आज सर्वांत वर तेच चित्र आहे.

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला गटाने हिशोबाच्या वहीची पूजा मांडली, नेहमीसारखी. पाटावर वही, वहीवर स्वस्तिक, शेजारी हळकुंडे. अध्यक्षाबाईंनी गटाचा मोबाईल आणून वहीशेजारी ठेवला. "हे बी आपली वहीच होय ना जी," म्हणाल्या आणि त्यालाही हळदकुंकू वाहिले. तेवढ्यात तो उजळला. कुठल्याशा गिऱ्हाइकाचा निरोप होता. मी चष्मा शोधीत होतो, तोवर बाईंनी तो उघडलाही होता, आणि आरती सुरू होण्याआधी उत्तरही गेले होते.

मग मी मोबाईल हातात घेतला. काचेवर हळदीने माखलेल्या अंगठ्याचा एक स्वच्छ ठसा उमटला होता. रूमाल काढून तो पुसावा असे मनात आले होते, पण पुसवेना. अंगठा हा मुका असतो, असे मी किती वर्षे किती जणींना शिकविले होते!